रेंजचा आकडा बाजूला ठेवा, युनिटला किती देते ते मोजा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): "प्रीमियम इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची आहे. पोर्शे माकान, बीएमडब्ल्यू आयएक्स, मर्सिडीज ईक्यूएस एसयूव्ही आणि किया ईव्ही९ अशा चार गाड्यांची ब्रोशरं समोर पसरून बसलोय. घरात आम्ही पाच जण: दोघं नवरा-बायको, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीपुढचे आई-वडील. रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटर. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन एका बाजूला ४२० किलोमीटरचा हायवेचा प्रवास. घरी ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवता येईल. मला वाटतं, जिची रेंज सगळ्यात जास्त ती घ्यावी. मुलगा म्हणतो, जिचं चार्जिंग सगळ्यात जलद ती. कुणाचं ऐकू?"

दोघांत मुलगा उत्तराच्या जास्त जवळ आहे. पण तो ब्रोशरवरचा सगळ्यात मोठा किलोवॅटचा आकडा बघत असेल, तर त्याचीही फसगत होईल. आणि आई-वडिलांना मागच्या सीटवर चार-साडेचार तास बसायचंय, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही दोघांनीही तुलनेत धरलेली नाही. तिथे येऊच. आधी रेंजचा हिशोब उरकू.

ब्रोशरमधली रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेली असते. युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी साधारण अर्ध्या तासात २३.३ किलोमीटर चालते. सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर, एसी बंद, तापमान २३ अंश. ताशी १३० च्या आसपासचा वेग गाठला जातो, पण अगदी थोडा वेळ. तुमचा महिन्याचा प्रवास याच्या जवळपासही जात नाही. चीनची सीएलटीसी चाचणी याहून संथ वेगाची, त्यामुळे तिचा आकडा आणखी फुगलेला असतो. अमेरिकेची ईपीए जास्त कडक, तिचा आकडा सहसा कमी येतो. म्हणून दोन गाड्यांची रेंज शेजारी ठेवताना दोन्ही आकडे एकाच चाचणीचे आहेत का, हे आधी बघा. आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चाकांचं माप कोणतं धरलंय तेही तिथेच सापडेल. आकडा बहुतेक वेळा सगळ्यात लहान चाकांचा असतो, आणि शोरूममध्ये उभी असलेली गाडी सगळ्यात मोठ्या चाकांवर.

त्यापेक्षा दोनच गोष्टी घ्या: बॅटरीतली वापरता येणारी युनिटं (ब्रोशरमध्ये 'किलोवॅट-अवर' किंवा kWh लिहितात तेच), आणि तुमच्या वेगाला गाडी युनिटला किती किलोमीटर देते. बॅटरीचे आकडे दोन असतात, एकूण आणि वापरण्याजोगी. कंपनी थोडा साठा राखून ठेवते. इलेक्ट्रिक माकानची बॅटरी एकूण १०० युनिटांची, हाती येतात ९५. आयएक्सच्या आधीच्या एक्सड्राइव्ह ५० मॉडेलमध्ये एकूण १११.५ होती, हाती १०५.२. ईव्ही९ ची मोठी बॅटरी ९९.८ ची सांगतात, तो एकूण आकडा आहे. एका गाडीचा एकूण आणि दुसरीचा हाती येणारा आकडा शेजारी मांडलात, तर तुलना तिथेच बिघडली.

आता युनिटला किती देते ते. हे कुणाच्या सांगण्यावर घेऊ नका, स्वतः मोजा. चारही शोरूमना फोन करून सांगा की दहा मिनिटांची चक्कर नको, दीड तास गाडी हवी. एवढ्या महागाची गाडी घेणाऱ्याला हे नाकारलं जात नाही, आणि कुणी नाकारलंच तर विक्रीनंतर ते कसे वागतील याचा अंदाज तिथेच येतो. मग असं करा. टायर थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या. पहिले १०-१५ किलोमीटर मोजू नका, तेवढ्यात बॅटरी आणि टायर कामाच्या तापमानाला येतात. मग ट्रिप मीटर शून्य करा, एसी २३ अंशांवर ऑटोला ठेवा, नेहमीचा ड्राइव्ह मोड ठेवा आणि हायवेवर तुम्ही एरवी ज्या वेगाने जाता त्याच वेगाने ३० किलोमीटर जा. त्याच रस्त्याने परत या. जाणं-येणं दोन्ही हवंच, नाहीतर वारा आणि चढ-उतार आकडा बिघडवतात. चारही गाड्यांना तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच माणसं, आणि जमलं तर सारखं हवामान.

पडद्यावर १०० किलोमीटरला किती युनिटं लागली ते दिसेल. १०० ला त्या आकड्याने भागलं की ॲव्हरेज मिळालं. २३.३ दाखवत असेल तर गाडी युनिटला ४.३ देते, २५.६ असेल तर ३.९. वेग मात्र खरंच सारखा ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० ऐवजी १२० ने गेलात की प्रत्येक किलोमीटरला हवा कापायला सुमारे पावणेदोन पट ताकद लागते. गाडी उंच आणि चौकोनी असेल तर हा फटका जास्त बसतो. आयएक्स आणि माकानचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२५ आहे, ईव्ही९ चा ०.२८. शिवाय ईव्ही९ चा दर्शनी भाग रुंद आणि उंच. शहरात ती या दोघींच्या बरोबरीने चालेल, १२० वर मागे पडेल.

समजा, एका गाडीची हाती येणारी बॅटरी ९५ युनिटांची आहे आणि ती ४.३ देते. दुसरीची १०८ ची, पण जड असल्यामुळे ३.९ देते. १०० टक्क्यांवरून निघून १० टक्के उरेपर्यंतचा पहिला टप्पा पहिलीचा ३६८ किलोमीटर, दुसरीचा ३७९. बॅटरी १३ युनिटांनी मोठी, आणि पदरात पडले फक्त ११ किलोमीटर. ४२० च्या प्रवासाला दोघींनाही एकदा थांबावंच लागणार, दोघींनाही पाच-दहा मिनिटांचं चार्जिंग पुरणार. आई-वडिलांना पाय मोकळे करायला लागणारा वेळ याहून जास्त आहे. रोजच्या ५० किलोमीटरला तर १२-१३ युनिटं लागतील. चार्जिंगमधली गळती धरून १४ म्हणा. घरच्या चार्जरवर दोन तासांचं काम. रोजच्या वापरात या चारपैकी कोणतीही गाडी कमी पडणार नाही, म्हणून जास्तीच्या रेंजसाठी मोठ्या बॅटरीचं मॉडेल घेऊ नका.

मुलाच्या मुद्द्याकडे येऊ. ब्रोशरवर 'कमाल चार्जिंग २०० किलोवॅट' असं छापतात. तो वेग काही मिनिटंच टिकतो, मग बॅटरी भरत जाते तसा उतरतो. खरा आकडा १० ते ८० टक्क्यांमधल्या सरासरीचा, आणि तो घरबसल्या काढता येतो. हाती येणाऱ्या बॅटरीचे ७० टक्के घ्या, कंपनीने सांगितलेल्या मिनिटांनी भागा, ६० ने गुणा. माकान: ६६.५ युनिटं २१ मिनिटांत, म्हणजे सरासरी १९० किलोवॅट. आयएक्स एक्सड्राइव्ह ५०: ७३.६ युनिटं ३५ मिनिटांत, सरासरी १२६. ईक्यूएस एसयूव्हीची सुरुवातीची १०८.४ युनिटांची बॅटरी: ७५.९ युनिटं ३१ मिनिटांत, सरासरी १४७. ईव्ही९ ची वेळ २४ मिनिटं, सरासरी १७० च्या आसपास. यात बघण्यासारखं काय, तर आयएक्सचा कमाल आकडा १९५ आणि ईक्यूएसचा २००. कागदावर फरक पाचाचा, सरासरीत वीसहून जास्त. मॉडेलवर्षानुसार बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही बदलतात, तेव्हा तुम्हाला देऊ केलेल्या नेमक्या मॉडेलचे आकडे घेऊन हेच गणित पुन्हा करा.

माकान आणि ईव्ही९ यांची यंत्रणा ८०० व्होल्ट वर्गातली, वर सांगितलेल्या आयएक्स आणि ईक्यूएसची ४०० ची. ८०० चा फायदा तुमच्या रस्त्यावरचा चार्जर तो देऊ शकत असेल तरच. एकदा त्या ४२० किलोमीटरच्या रस्त्यावर जाऊन दोन-तीन चार्जरच्या पाट्या वाचा. किलोवॅटच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका, खालची व्होल्ट आणि अँपिअरची ओळ बघा. '१५०-१००० व्होल्ट' लिहिलं असेल तर ८०० ची गाडी तिथे पाटीवरच्या किलोवॅटपर्यंत पूर्ण वेग घेऊ शकेल. '५०० व्होल्टपर्यंत' असेल तर नाही. मग माकान आपली बॅटरी चार्जिंगपुरती दोन भागांत वाटून घेते आणि जास्तीत जास्त १३५ किलोवॅट घेते. ईव्ही९ मोटर आणि इन्व्हर्टर वापरून व्होल्टेज चढवते, पण वेग उतरतोच. उलट, जास्तीत जास्त ३०० अँपिअर देणाऱ्या चार्जरवर ४०० व्होल्टची गाडी १२० किलोवॅटच्या आसपास अडकते, वर पाटी कितीही मोठी असो. एकाच खांबाला दोन केबल असतील तर शेजारी दुसरी गाडी लागल्यावर वीज वाटली जाते का, हेही विचारा.

बॅटरी गार असेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. चार्जरला पोचण्याआधी बॅटरी गरम करून ठेवण्याची सोय आता बहुतेक महागड्या गाड्यांत असते, पण बऱ्याच गाड्यांत ती चार्जर हे ठिकाण गाडीच्या स्वतःच्या नकाशात घातलं तरच चालू होते. फोनचा नकाशा पडद्यावर लावून गेलात तर गाडीला कळतच नाही की आपण चार्जरकडे निघालोय. टेस्ट ड्राइव्हला सेल्समनला विचारा: बॅटरी हाताने गरम करायचं बटण कुठे आहे? आणि त्याला ते दाखवायला लावा. 'आहे हो' यावर समाधान मानू नका, मेनूत बोट ठेवून दाखवलं पाहिजे.

घरच्या चार्जिंगचा एक सापळा. तुमचा ७.४ किलोवॅटचा चार्जर म्हणजे सिंगल फेज, ३२ अँपिअर. गाडीत ११ किलोवॅटचा चार्जर आहे म्हणतात तेव्हा तो तीन फेजवर १६-१६ अँपिअर घेणारा असतो. सिंगल फेजवर त्यातल्या काही गाड्या ३२ अँपिअर घेतात, काही १६ वरच थांबतात. १६ वर थांबली तर तुमच्या ७.४ च्या चार्जरमधून ३.७ च मिळणार. ९५ युनिटांची बॅटरी १० वरून १०० टक्क्यांवर न्यायला मग १३ तासांऐवजी २६ लागतील. रोज फरक पडणार नाही, प्रवासाच्या आदल्या रात्री नक्की पडेल. तुमच्याकडे विकल्या जाणाऱ्या मॉडेलला सिंगल फेजवर किती अँपिअर, एवढाच प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घरच्या वायरिंगला स्वतंत्र सर्किट, त्या अँपिअरच्या मापाची केबल आणि अर्थिंगची तपासणी लागेलच. गाडी यायच्या आधी हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून संपवा.

आता मागची सीट. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे मागची फरशी उंचावते आणि सीट तेवढी उंचावत नाही. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात, सगळं वजन कंबरेच्या खालच्या हाडांवर येतं. दहा मिनिटांत हे कळत नाही, तासाभराने कंबर सांगते. आई-वडिलांना शोरूममध्ये न्या. पुढची सीट तुमच्या मापाला लावा आणि त्यांना मागे बसवा. बसल्यावर गुडघ्यामागे सीटच्या कडेशी हात घालून बघा. मांडी सीटला टेकलेली असेल तर हात अडकेल. तळहात आरामात आत-बाहेर सरकत असेल तर ती सीट लांबच्या प्रवासाला त्यांच्या कामाची नाही. मग पुढच्या सीटखाली त्यांचे पंजे जातात का बघा. पुढची सीट सगळ्यात खाली केल्यावर ही जागा बंद होते, आणि नेमकं पुढचा उंच माणूस सीट खाली करतो.

चढणं-उतरणंही बघा. दाराच्या उंबऱ्याची रुंदी महत्त्वाची. उंबरा रुंद असला की पाय बाहेर टाकताना पोटरी त्याला घासते आणि वयस्कर माणसाचा तोल जातो. एअर सस्पेन्शन असेल तर उभी असताना गाडी खाली बसते का, तपासा. दारं इलेक्ट्रिक बटणांची असतील तर १२ व्होल्टची (दारं, दिवे वगैरे चालवणारी छोटी) बॅटरी मेल्यावर मागचं दार आतून कसं उघडायचं ते आजच विचारा. काही गाड्यांत तो मेकॅनिकल खटका झाकणाखाली किंवा दाराच्या कप्प्यात दडवलेला असतो. तो घरातल्या पाचही जणांनी एकदा हाताने ओढून बघितलेला असावा.

वजनाची पाटी बघायला विसरू नका. एकूण अनुज्ञेय वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान किती चालेल ते कळतं. या गाड्या अडीच टनांच्या आसपास असतात, त्यामुळे ही शिल्लक वाटते तेवढी मोठी नसते. गाडीच्या वजनात ड्रायव्हरचे ७५ किलो आधीच धरलेत का, हेही विचारा. युरोपच्या पद्धतीत धरतात. पाच माणसांचे ३५० किलो, सामान १०० किलो, टपावर पेटी लावली तर ती वेगळी. डिकीत तुमच्या खऱ्या बॅगा भरून बघा. ईव्ही९ ची तिसरी रांग उभी केली की डिकी बरीच आटते. आयएक्सचं बॉनेट मालकाने उघडायचं नसतंच, काचेचं पाणी पुढच्या लोगोखालून भरतात. त्यामुळे पुढे सामानाला जागा मिळेल असं धरू नका.

चाकं लहानच घ्या. २२ इंची चाकं दिसायला देखणी, पण टायरची भिंत पातळ होते, खड्ड्यात रिम वाकते, रेंज घटते आणि मागे बसलेल्यांना प्रत्येक सांधा जाणवतो. जड गाडी आणि पहिल्या क्षणापासूनचा टॉर्क, त्यामुळे टायर लवकर झिजतात. टायर बदलताना भार पेलण्याचा निर्देशांक मूळ टायरइतका तरी हवा. मापाआधी 'एचएल' असेल तर ते जादा भाराचं टायर, त्याजागी साधं चालणार नाही. ते तुमच्या भागात किती दिवसांत मिळतं, ही चौकशी गाडी बुक करण्याआधीची. बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचा फेस असतो. भिंत फाटली तर फेसाचा उपयोग शून्य. गाडी उचलून न्यावी लागते, तीही फ्लॅटबेडवरच, चाकं रस्त्यावर फिरवत ओढून नाही.

वॉरंटी वाचताना बॅटरीसाठी तीन गोष्टी: वर्षं, किलोमीटर आणि उरलेल्या क्षमतेची टक्केवारी. ८ वर्षं, १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के ही सर्वसाधारण अट आहे. ईक्यूएस एसयूव्हीला मर्सिडीज १० वर्षं आणि २,५०,००० किलोमीटर देते. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर हा फरक खरा आहे. क्षमता कोण मोजणार, कोणत्या पद्धतीने, आणि बॅटरीचा एकच कप्पा (मॉड्यूल) बदलता येतो की पूर्ण बॅटरी (पॅक), हे लेखी घ्या. विम्यात गाडीच्या बुडाला बसलेला मार धरला जातो का, हे पॉलिसीच्या कागदात शोधा. दगडावर आपटून बॅटरीच्या कवचाला पोचा आला, तर काही वेळा पूर्ण पॅक बदलायची शिफारस होते.

बिघाड मोठ्या बॅटरीत क्वचित होतो, नडतात आजूबाजूच्या वस्तू. ह्युंदाई आणि कियाने २०२४ मध्ये आयॉनिक ५, ईव्ही६ आणि त्यांच्या जातीच्या काही गाड्या आयसीसीयू या भागासाठी परत बोलावल्या. हाच भाग १२ व्होल्टची बॅटरी भरतो. तो गेला की छोटी बॅटरी उतरते आणि मोठी भरलेली असूनही गाडी थांबते. गाडी कोणत्याही कंपनीची असो, तिचा व्हीआयएन म्हणजे ओळख क्रमांक रिकॉलच्या अधिकृत यादीत टाकून बघा. सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा की हाय व्होल्टेजवर काम करायला प्रशिक्षित माणसं किती, आणि त्यातला एखादा रजेवर असला तर गाडी किती दिवस उभी राहते.

आता निवड. माकान यादीतून काढा. चार्जिंग चौघींत सगळ्यात चांगलं आणि चालवायला गाडी सुंदर, पण तीन मोठ्या माणसांनी चार-साडेचार तास मागे बसायची ती गाडी नाही. पंधरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांत तुमच्यापेक्षा उंच होईल. ईक्यूएस आरामशीर आहे, वॉरंटीही भक्कम, पण ती या चौघींत जड गटातली. वजनाची शिल्लक आणि वॉरंटीनंतर एअर सस्पेन्शनचा खर्च काढून मगच तिच्याकडे बघा. तुमच्यासाठी खरी तुलना आयएक्स आणि ईव्ही९ यांच्यात आहे. हायवेला ताशी १०० च्या आत चालवत असाल, तर ईव्ही९ सहा सीटची घ्या. मधल्या रांगेत आई-वडिलांना स्वतंत्र खुर्च्या मिळतात, मुलगा मागे, आणि तिसऱ्या रांगेची दुसरी खुर्ची पाडून सामानाला जागा करता येते. १२० च्या आसपास चालवत असाल तर आयएक्सकडे झुका. हायवेवर ती युनिटामागे जास्त अंतर देईल, तुमच्या चाचणीत दिसेलच. आयएक्सला एअर सस्पेन्शन घ्या, मागे बसणाऱ्यांसाठी तो पैसा योग्य जागी जातो. दोघींपैकी जिच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीखाली तळहात सरकत नाही ती पहिली, मग बाकीचे आकडे.

ठरलं की गाडीची बांधणीची तारीख आणि टायरवरचे चार अंकी आठवडा-वर्षाचे आकडे बघा. महिनोन्महिने आवारात उभी राहिलेली गाडी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी नवी बसवून मागा. ताब्यात घेण्याआधी शोरूमच्या एसी (घरच्यासारख्या संथ) चार्जरवर १५ मिनिटं आणि जवळच्या फास्ट चार्जरवर १० मिनिटं लावून बघा, दोन्ही वेळा पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा फोटोत घ्या. या चौघींच्या बॅटऱ्या निकेल असलेल्या लिथियम-आयन जातीच्या आहेत. म्हणून घरी आल्यावर रोजची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री १०० असं सेट करा की चार्जिंग निघायच्या वेळेच्या जरा आधी संपेल.